मोडलेला खुबा आणि अंथरुणाचा धोका

घरातील आजी न्हाणीघरात घसरून पडतात, त्यांना उठता येत नाही, आणि आपण म्हणतो, ‘कंबर मोडली.’ वस्तुतः बहुधा मोडलेले असते ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक. तेथे हाड निमुळते होऊन त्याची मान बनते आणि मानेवरील गोल डोके खुब्याच्या वाटीत फिरते. या डोक्यास रक्त पुरविणाऱ्या बहुतेक वाहिन्या मानेलगतच वर जातात. मान मोडून हाड सरकले की त्या तुटतात. मग हाड कितीही नीट बसविले तरी ते सांधेलच असा भरवसा उरत नाही. म्हणून वृद्धांच्या बाबतीत शल्यचिकित्सक ते डोके काढून कृत्रिम डोके, आणि गरजेप्रमाणे वाटीही, बसवितात. मोड मानेच्या खाली असल्यास धातूची सळई व स्क्रू यांनी हाड सहसा जोडता येते.

ही विद्या काही कालची नव्हे. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती थोड्याच वर्षांत झिजली. तेव्हा १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी योजिली. पोलादी डोके, ही वाटी आणि दोहोंस हाडात घट्ट धरणारे ॲक्रिलिक सिमेंट, या त्यांच्या रचनेवरच पुढील सांध्यांची परंपरा उभी राहिली.

असे असता ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला? पडून राहू द्या,’ असा सल्ला आपल्या घरांतून आजही दिला जातो. त्यामागे माया असते, हे मान्य. परंतु अंथरूण निरुपद्रवी आहे, हा समज चुकीचा आहे. पडून राहिल्याने पाठीस शय्याव्रण होतात, न्यूमोनिया जडतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झिजतात. शस्त्रक्रियेतही धोका असतोच. हृदय व फुप्फुसे तपासूनच ती करावी लागते, आणि क्वचित ती टाळावीही लागते. पण निवड दोन धोक्यांतून करावयाची आहे, हे विसरता कामा नये. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवसापासून आधाराने उभे राहणे, हाच आज योग्य मार्ग मानला जातो.

माझ्या मते, म्हातारपण हे विलंबाचे निमित्त होऊ नये. उलट त्यामुळेच त्वरा करावी. आणि निर्णय घेताना वडीलधाऱ्यांनी दाराबाहेर कुजबुजण्यापेक्षा आजींच्या उशाशी बसावे. पुन्हा चालावयाचे आहे की नाही, हे प्रथम त्यांनाच विचारावे.