राजीनामा मिळाला, झाडाझडती कुठे?

टोकियोत जर्मनीने 3-1 अशी आघाडी घेतली होती, तरी भारताने तो सामना 5-4 ने खेचून आणला आणि 41 वर्षांनी हॉकीचं ऑलिंपिक पदक मिळवलं. जानेवारी 2023 मध्ये भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध 3-1 अशी आघाडी आपली होती. ती घालवली, शूटआउटमध्ये हरलो आणि घरच्या विश्वचषकातून बाहेर पडलो. दोन्ही वेळी प्रशिक्षक ग्रॅहम रीडच. आधी त्यांना डोक्यावर घेतलं, मग त्यांच्याच गच्छंतीची ओरड केली. अशी ओरड करणाऱ्यांचा मला संताप येतो. त्यांनी दोन्ही वेळा निकाल पाहिला, खेळ पाहिलाच नाही.

रीड यांनी या संघाला सावरायला शिकवलं. टोकियोतच ऑस्ट्रेलियाने 7-1 अशी धूळधाण उडवली होती. पूर्वीचा भारतीय संघ त्यानंतर उभा राहिला नसता. या संघाने पुढच्याच सामन्यात स्पेनला 3-0 ने हरवलं. हे श्रेय त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये.

पण त्यांची चूकही मी झाकणार नाही. गोल कुठून येणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. चेंडू डीपर्यंत जायचा आणि तिथे आघाडीफळी गोंधळायची. त्याच विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध 0-0 बरोबरी झाली ती यामुळेच. मग सगळी भिस्त पेनल्टी कॉर्नरवर, आणि कॉर्नरची सगळी भिस्त हरमनप्रीतवर. बचाव त्याने करायचा, कर्णधारपद त्याने सांभाळायचं, ड्रॅग-फ्लिकही त्यानेच मारायची! त्याची फ्लिक अडली की दुसरी चाल तयार नसे. हार्दिक सिंग जायबंदी झाल्यावर मधली फळी विस्कटली, तिथेही पर्याय नव्हता. संघाला मानसिक तयारीसाठी वेगळा माणूस हवा, हे रीड हरल्यानंतर बोलले. 2019 पासून पदावर असलेल्या प्रशिक्षकाने त्यासाठी आधीच हट्ट धरायला हवा होता.

एवढं असूनही विश्वचषकानंतर रीड यांनी राजीनामा दिल्याने काही सुटलं, हे मला मान्य नाही. त्यांच्याआधी साधारण पाच वर्षांत वॉल्श, व्हॅन आस, ओल्टमन्स, मरीन्ये, हरेंद्र सिंग असे पाच प्रशिक्षक आले आणि गेले. प्रत्येक वेळी खुर्चीवरचा माणूस बदलला की चौकशी संपली. रीड गेल्यावर त्याच वर्षी पॅडी अप्टन यांना मानसिक तयारीसाठी आणलं, म्हणजे गरज खरीच होती. ती आधी ओळखली नाही, याचा जाब कुणालाही विचारला गेला नाही.

आणि गोलांचं काय झालं? रीड यांच्या जागी क्रेग फुल्टन आले, पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुन्हा कांस्य मिळालं, मलाही आनंद झाला. पण तिथे भारताने केलेल्या 15 गोलांपैकी 10 एकट्या हरमनप्रीतचे होते. प्रशिक्षक नवा, परावलंबन जुनंच. मैदानी गोल करणारे आघाडीवीर आपल्याकडे का घडत नाहीत, हे आता हॉकी इंडियाने सांगावं. परदेशातून तीन-चार वर्षांसाठी आलेल्या माणसाच्या माथी ते मारू नये.