सव्वा महिन्याच्या आत

मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड यांस,


आमच्याकडे बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. वारं लागेल, दृष्ट लागेल, ही धास्ती. त्यामागची माया मी जाणते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावे लागतात, फारच लहान बाळाचे तर दोन-तीन आठवड्यांतच. म्हणजे बाळ दुपट्यात झाकून ठेवलेलं असतं, नेमक्या त्याच दिवसांत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन १३०० ग्रॅम. काचेच्या पेटीतून सुटून ती आईच्या माहेरी रोह्याला आली, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर लसी होत्या, लोहाचे थेंब होते, डोळ्यांची तारीख नव्हती. निघताना एका सिस्टरांनी "डोळे दाखवून घ्या हं" म्हटलं, तेवढ्यावर आम्ही एकोणतिसाव्या दिवशी पनवेल गाठलं. बाहुली मोठी करणारे थेंब घातले, पोरीला घट्ट गुंडाळलं, इवल्याशा चिमट्याने पापण्या उघड्या धरल्या. डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. पाच-सात मिनिटांचं काम. तिने टाहो फोडला आणि आईच्या अंगाशी जाताच गप्प झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा नेलं, तेव्हा लेसर करावं लागलं. आज ती ताटातलं भाताचं एकेक शीत चिमटीत उचलते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या या आजाराला आरओपी म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच जन्मलं की त्या कधीकधी भलतीकडे फुटतात, पडदा ओढतात, शेवटी तो सुटू शकतो. बाहेरून डोळा टपोरा, निर्मळ दिसतो. आईला काही कळायचा मार्गच नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसते तेव्हा बहुधा वेळ गेलेली असते. आणि लेसर ठरलं की दोन-तीन दिवसांत करावं लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच कोकणात, पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत आरओपी आहे. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून किड्रॉप या कार्यक्रमाचे तंत्रज्ञ डोळ्यांचे फोटो काढायचा कॅमेरा घेऊन गावोगावच्या रुग्णालयांत जातात आणि बंगळूरचे डॉक्टर ते फोटो वाचतात. बाळाला बंगळूर गाठावं लागत नाही.

माझं मागणं मोठं नाही. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत डोळ्यांचा एक वार ठरवा, लसीकरणाच्या वारासारखा आयाबायांना पाठ होईल असा. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर ती तारीख लाल शाईने लिहायला लावा, खाजगी दवाखान्यांनाही. आशाताई एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी येतातच. त्यांनी वजनाबरोबर "डोळे दाखवले का?" एवढं विचारावं. आजीची समजूत काढायला त्यांच्याइतकं हक्काचं माणूस नाही.

पेणच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखायला सगळ्यांत मुरलेला हात बसतो. कातकरी वाडीवरच्या पोराच्या डोळ्यांनाही तसाच हात मिळावा. दिवाळी झाली की ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, मग तीस दिवसांचं बाळ कुठल्या जिल्ह्यात शोधायचं? तो वार दिवाळीच्या आत ठरवा.

आपली,
रोह्याची एक आजी