कारागिराचे नाव



काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजवर, कोणत्या अंकात कोणी काय लिहिले याची नोंद आपण आस्थेने ठेवत आलो. शीर्षकाची अक्षरे कोणी काढली, पाने कोणी मांडली, मलपृष्ठावरच्या जाहिरातीतले चित्र कोणाचे, हे मात्र दहा वर्षांनी विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. दीनानाथ दलालांसारखे चित्रकार याला अपवाद. त्यांनी तर १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचाच अंक सुरू केला आणि मुखपृष्ठासाठी दिवाळी अंक घेणारा वाचक तयार केला. यंदाचा आमचा अंक चित्र, वास्तू आणि जाहिरात घडवणाऱ्या, पण नाव मागे न राहिलेल्या अशा हातांविषयी आहे.

निर्णयसागर छापखान्याचेच पाहा. पंचांगामुळे आणि संस्कृत ग्रंथांमुळे हे नाव घरोघर पोचले. संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे चरित्र निदान अभ्यासकांना तरी ठाऊक असते. पण तिथल्या देवनागरी टाइपाचे ठसे कोरले राणोजी रावजी आरू यांनी, हे किती वाचकांना माहीत आहे? पोलादी सळईच्या टोकावर, नखाएवढ्याही नसलेल्या जागेत, अक्षर उलटे कोरायचे. ते नीट उतरले का हे पाहायला ठसा ज्योतीवर धरून त्यावर काजळी चढवायची आणि कागदावर दाबायचा. मनासारखे झाले की पोलाद कडक करून तांब्यात ठोकायचे, म्हणजे साचा तयार. त्या साच्यात ओतलेले खिळे मग जुळाऱ्याच्या हाती जात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे धरून असे शेकडो खिळे लागतात. त्यात एकाची जाडी केसभर चुकली तरी सगळी ओळ डोळ्याला खुपते. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे वाचले ते न खुपता वाचता आले, यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

कमल शेडगे यांना त्या मानाने कीर्ती लाभली, आणि ती त्यांनी मिळवलीही अवघड जागी. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचे पान म्हणजे चौकटींची दाटी. तिथे दोन बोटे जागेत नाटकाचे नाव दुरून ओळखू आले पाहिजे आणि त्याची जातकुळीही कळली पाहिजे. 'रायगडाला जेव्हा जाग येते' आणि 'गारंबीचा बापू' ही नावे शेडग्यांनी काढली, ती प्रेक्षकाला नाटकाइतकीच पाठ झाली. शिरोरेषा कुठे तोडायची, वेलांटी किती ओढायची, हा त्यांच्यासाठी नाटकाच्या अर्थाचाच प्रश्न होता. याला मी निःसंशय अभिजात काम म्हणतो.

हाताने काढलेले तेवढे चांगले आणि संगणकावरचे वाईट, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. जाहिरातक्षेत्रात मुरलेला, सुलेखनात रमलेला हा माणूस संगणकाकडे वळला म्हणून आपली लिपी पडद्यावर नीट उभी राहिली. आज चौकातल्या फ्लेक्सवर जोडाक्षर फुटलेले दिसते, रफार भलत्याच अक्षरावर चढलेला असतो, तो दोष यंत्राचा नाही. लावण्याआधी कोणी बघितलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बघण्याची सवय मोडली आहे हे खरे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली जागतिक वारसा ठरले. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे नाव सर्व पुस्तकांत आहे. पण १८७८ पासून सुमारे दहा वर्षे चाललेल्या त्या बांधकामातले कोरीवकाम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले होते. पाने, पक्षी, प्राणी, पिसारा फुलवलेला मोर हे सारे दगडात आजही शाबूत आहे. रोज लाखो माणसे त्याच्याखालून लोकल पकडायला धावतात. गाडी चुकू नये हे खरेच. तरी एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन तिथे केवळ मान वर करून उभे राहायला जावे.

जाहिरातीत तर विस्मरण जणू ठरलेलेच. एअर इंडियाचा महाराजा सगळ्यांना आठवतो. १९४६ साली बॉबी कुका यांच्या कल्पनेतून तो कागदावर उतरवणारे चित्रकार उमेश राव कितीजणांना आठवतात?

या अंकाच्या अनुक्रमणिकेत अक्षरलेखन, मांडणी, छपाई आणि बांधणी करणाऱ्यांची नावे लेखकांच्या बरोबरीने, त्याच आकारात छापली आहेत. वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावातल्या जुन्या दुकानाची पाटी, वाड्याची महिरप, देवळाचा कोरीव खांब, भिंतीवर रंगवलेली जाहिरात यांतले जे आवडत असेल त्याचे छायाचित्र आणि ते करणाऱ्याचे नाव आम्हाला पाठवा. नाव माहीत नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. पुढच्या दिवाळीत ही नावे आम्ही छापू.



— संपादक