एसटीचा पास आहे, नेटचा का नाही?

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. मुंबई-पुण्याला त्याची सवय होती, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर-पवनीला नव्हती. प्रवेशाच्या दिवसांत एका सेवा केंद्रात पासवर्ड विसरलेली पोरगी ओटीपीसाठी दुपारपर्यंत ताटकळत बसलेली पाहिली. ओटीपी गेला बाबांच्या मोबाईलवर, आणि बाबा मोबाईल घेऊन धानाच्या रोवणीला बांधीत उतरलेले. घरात फोन एकच. ‘घरोघरी मोबाईल पोहोचला’ हे कुणी पुन्हा सांगू नये. मोबाईल बापासोबत शेतात जातो आणि घरातलं नेटही त्याच्यासोबतच जातं. नेट घराला हवं.

याच पोरीकडे एसटीचा पास आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलीला बारावीपर्यंत शाळेचा प्रवास मोफत. बाकी विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत. शाळा दाखला देते, आगार पास देतं. तिकिटापायी मुलगी घरी बसू नये, एवढा साधा विचार त्यामागे होता आणि त्याने गावोगावच्या मुली हायस्कुलात पोहोचल्या. आता अर्ज, शिष्यवृत्ती, अभ्यासाचे व्हिडिओ सगळं नेटवर आहे, तर या वाटेचं तिकीट तिने पूर्ण का काढावं? जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षाला रिचार्ज तेरा, रुपये ३,८८७. रोजीवर जगणाऱ्या घरात एवढे पैसे हाती आले तर ते आधी किराण्याला जातात.

निधी नाही, असं सरकारने म्हणू नये. ग्रामपंचायतीपर्यंत नेटची तार आणण्याच्या योजनेला २०११ मध्येच मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्याच योजनेला, म्हणजे भारतनेटला, आणखी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, त्यात दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी देण्याचं ठरलं. केरळने जून २०२३ मध्ये के-फॉन ही सरकारी इंटरनेट सेवा सुरू केली, २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचं लक्ष्य ठेवून. ते लक्ष्य अजून फार दूर आहे. तरी तिथे हिशेब घरांचा आहे. आपल्याकडे तार पंचायतीच्या पेटीत पोहोचली की काम झालं असं समजतात.

नवी यादीही करायला नको. पास कुणाला दिला, हे शाळेला आणि आगाराला माहीत आहे. त्यातल्या गरीब घरांना पंचायतीपासून तार ओढून द्या, मासिक भाडं शासनाने भरावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.