दूरदर्शनची संध्याकाळ : न मागितलेलें शिक्षण

ज्यास जें आवडेल तें त्यास तत्काळ मिळावें, ह्यापरतें दुसरें सुख नाहीं, असा आजच्या काळाचा समज झालेला दिसतो. करमणुकीच्या बाबतींत तर हा समज पूर्णपणें अमलांत आला आहे. पुष्कळ घरांत ज्याच्या त्याच्या हातीं मोबाइलचा स्वतंत्र पडदा असतो व ज्यानें त्यानें आपल्या आवडीचें पाहावें अशी सोय असते. ही सोय मुलांच्या मनाच्या वाढीस कितपत उपकारक आहे, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व विशेषेंकरून पालकांनीं करावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

तुलनेसाठीं फार दूर जावयास नको. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें, ज्या घरीं दूरदर्शनचा संच असे तेथें, पाहावयास वाहिनी अशी एकच असे, आणि तीही मुख्यत्वें सायंकाळच्या कांहीं तासांपुरती. तेवढ्यांत सर्वांची सोय लावावयाची असल्यानें कार्यक्रमांची मांडणी पंगतीच्या ताटासारखी करावी लागे. मुलांसाठीं ‘किलबिल’, शेतकऱ्यांसाठीं ‘आमची माती, आमची माणसं’, साहित्य व कला ह्यांच्या चाहत्यांसाठीं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, विनोदप्रेमी मंडळींसाठीं ‘गजरा’, चित्रपटगीतांच्या शौकिनांसाठीं ‘छायागीत’, गुजराती बालकांसाठीं ‘संताकूकडी’. हे सर्व पदार्थ एकाच दिवशीं वाढले जात नसत. आठवड्यांतील त्यांचे वार ठरलेले असत. परंतु कोणत्याही संध्याकाळीं ताटांत एकच एक गोड पदार्थ मात्र नसे.

ह्याचा परिणाम काय होई तो पाहा. गाण्यांची वाट पाहणाऱ्या मुलास तोंपर्यंत इतरांचे कार्यक्रम सोसावे लागत. आणि सोसतां सोसतां त्यांतील थोडेबहुत मनांत उतरे. ज्यानें भाताचें खाचर कधीं पाहिलें नाहीं अशा चाळींतील मुलाच्या कानीं बियाणें, खतें व पिकांवरील कीड ह्यांची नांवें पडत, आणि आपल्या पानांतील भात कोणाच्या तरी कष्टांवांचून येत नाहीं हें त्यास उमगे. मराठी मुलास शेजारच्या गुजराती मित्राची भाषा अपरिचित वाटेनाशी होई. बातम्या सांगणाऱ्या प्रदीप भिडे ह्यांच्यासारख्यांच्या स्वच्छ, संथ वाणीमुळें मराठीचे शुद्ध उच्चार कसे असावेत ह्याचा पाठ अनायासें मिळे. फार काय, प्रक्षेपण खंडित झालें म्हणजे पडद्यावर जी पाटी झळके, तिच्यामुळें ‘व्यत्यय’ हा भारदस्त शब्दसुद्धां लहान मुलांच्या तोंडीं बसला! ह्यांतील कांहींएक त्यांनीं मागितलेलें नव्हतें.

तें पाहणें केवळ बसून पाहणेंही नव्हतें. आकाशानंद ह्यांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनीं ठिकठिकाणीं ज्ञानदीप मंडळें स्थापून समाजोपयोगी कामें हातीं घेतलीं. सर्वांनीं एकच गोष्ट पाहिलेली असली म्हणजे दुसऱ्या दिवशीं तिजविषयीं बोलतां येतें, आणि बोलण्यांतूनच एकत्र करण्याची बुद्धि होते.

ह्यावर कोणी म्हणेल, “दुसरा पर्यायच नव्हता म्हणून लोकांनीं तें पाहिलें. सक्तीचे गोडवे कशास गातां?” आक्षेप खोटा नाहीं. कित्येक कार्यक्रम नीरस असत. दूरदर्शन सरकारच्या हातीं होतें, आणि १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळांत सरकारास नको असलेली वार्ता त्यावरून कळण्याची आशाच नव्हती. प्रसार भारती ही स्वायत्त संस्था अस्तित्वांत यावयास १९९७ साल उजाडावें लागलें. एकाच वाहिनीचे ते दिवस परत यावेत असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं.

परंतु आज तरी निवड खरोखर आपली आहे काय? मुलगा एक चित्रफीत पाहतो; ती त्यानें किती वेळ पाहिली ह्याची नोंद यंत्र ठेवतें व तिच्याच जातीची दुसरी पुढें करतें. म्हणजे निवडणारा तेव्हांही दुसराच होता, आजही बहुधा दुसराच आहे. भेद हेतूचा आहे. तेव्हांचा कार्यक्रम आखणारा निदान असें विचारी कीं, ह्या राज्यांतील लोकांस काय ठाऊक असावें? आजचें यंत्र एवढेंच पाहतें कीं, ह्या मुलाची दृष्टि पडद्यावरून ढळूं नये. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां चुकलें असेल. पण तो प्रश्न विचारण्याजोगा होता. दुसऱ्यांत मुलाच्या हिताचा विचारच नाहीं.

तेव्हां पालकांस विनंती अशी कीं, ती आखणी आतां आपण आपल्याकडे घ्यावी. आठवड्यांतून एक संध्याकाळ सर्वांचे मोबाइल बाजूस ठेवून घरांत एकच पडदा लावावा. काय पाहावयाचें तें घरांतील माणसांनीं पाळीपाळीनें ठरवावें : आज आजीनें, पुढील खेपेस धाकट्यानें. ज्याची पाळी नसेल त्यानें कुरकुर न करतां शेवटपर्यंत बसावें, आणि मग जेवतांना त्याविषयीं बोलावें. वडील मंडळींनींही हा नियम पाळावा. नाहीं तर तो मुलांस शिक्षेसारखा वाटेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. आवडतें तेंच पाहणारा आपल्या आवडीएवढाच राहतो. आजी जें पाहून हसते त्यांत हसण्यासारखें काय आहे, हें तिच्या शेजारीं बसून एकदां समजून घ्या. तुमची अर्धी घटका खर्ची पडेल. पण घरांतील एक माणूस तुम्हांस अधिक कळेल.