नोकरीसाठी कोणती दुआ पढू?





दरवर्षी मे-जून महिना आला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज येऊ लागतात. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हाती आलेला असतो, कॅम्पस प्लेसमेंट हुकलेली असते किंवा कॉलेजात कोणती कंपनी आलेलीच नसते. "भाई, नोकरीसाठी एखादी दुआ सांगा. कोणत्या नमाजनंतर पढायची आणि किती वेळा, तेही सांगा." मी आलिम नाही. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारा एक अभियंता आहे. तरीही या प्रश्नाला उत्तर देण्याचा थोडासा हक्क मला आहे असे वाटते, कारण २०२३ साली सात महिने मी स्वतः हाच प्रश्न विचारत होतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर आमच्या टीममधल्या नऊ जणांना सांगण्यात आले की आजचा दिवस शेवटचा. दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक झाला. घराचा हप्ता चालू होता, मुलगी दोन वर्षांची होती आणि उदगीरला अब्बांच्या शिलाईच्या दुकानात आता पूर्वीसारखे काम उरले नव्हते. सुरुवातीचे दोन महिने मी तहज्जुदला उठून एका विशिष्ट कंपनीचे नाव घेऊन दुआ मागत होतो. तिथे मुलाखतीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. "या अल्लाह, हीच नोकरी दे." ती मिळाली नाही. नकाराचा मेल वाचला त्या रात्री मी तहज्जुदला उठलो नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.

हे मोकळेपणाने सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांचे असेच होते आणि ते कोणाला सांगता येत नाही. दुआ कबूल झाली नाही म्हणजे आपलाच ईमान कच्चा, असे मनाने ठरवून टाकलेले असते.

त्याच दिवसांत मी सूरह अल-कसस तर्जुम्यासह वाचत होतो. हजरत मूसा (अलै.) यांचा किस्सा लहानपणापासून ऐकलेला, पण समुद्र दुभंगतो आणि फिरऔन बुडतो, एवढाच लक्षात राहिलेला. आयत २२ ते २८ मध्ये त्याच्या कितीतरी आधीचे मूसा (अलै.) भेटतात. राजवाड्यात वाढलेला तरुण. हातून नकळत एकाचा मृत्यू झालेला. जिवाच्या भीतीने मिसर सोडून मदयनला पोहोचलेला. घर नाही, ओळख नाही, काम नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर बेरोजगार आणि निर्वासित.

मदयनच्या पाणवठ्यावर गर्दी आहे. लोक आपापल्या जनावरांना पाणी पाजत आहेत आणि दोन मुली आपली जनावरे मागे धरून बाजूला उभ्या आहेत. मूसा (अलै.) चौकशी करतात. वडील वृद्ध आहेत आणि बाकीचे मेंढपाळ निघून गेल्याशिवाय आपल्याला पाणी पाजता येत नाही, असे त्या सांगतात. मूसा (अलै.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात, बाजूला सावलीत जाऊन बसतात आणि मग दुआ करतात. त्या दुआचा आशय इतकाच, की माझ्या रब्बा, तू जी काही भलाई माझ्याकडे पाठवशील तिची मला गरज आहे.

या दुआत नोकरीचे नाव नाही, गावाचे नाही, पगाराचा आकडा नाही. फक्त स्वतःची गरज कबूल केलेली आहे. मी मात्र अल्लाहसमोर गरज ठेवण्याऐवजी त्याला ऑफर लेटरचा मसुदा पाठवत होतो. विशिष्ट गोष्ट मागणे गैर नाही. बंदा आपल्या रब्बकडे काहीही मागू शकतो. पण मागितले तेच मिळाले तरच दुआ ऐकली गेली, असे मानणे ही माझी चूक होती.

दुसरी गोष्ट, दुआच्या आधी काय घडले ते पाहा. स्वतः उपाशी आणि थकलेला माणूस अनोळखी लोकांचे काम विनामोबदला करून देतो. पुढे त्यांपैकी एक मुलगी अदबीने चालत येते आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप देते. तीच दारे उघडतात, जिथे त्यांनी कसलीही अपेक्षा न ठेवता हात लावला होता. आणि उत्तर म्हणून राजवाडा मिळत नाही. मिळते ती आठ वर्षांची चाकरी, स्वखुशीने पूर्ण केली तर दहा वर्षांची. सोबत लग्न, घर आणि सुरक्षितता.

तिसरी गोष्ट त्या मुलीच्या शिफारशीत आहे. वडिलांना ती सांगते की यांना कामावर ठेवा, कारण कामाला ठेवण्यासाठी उत्तम माणूस तो जो ताकदवान आहे आणि अमानतदार आहे. कुरआनचे शब्द कवी आणि अमीन. माझ्या मते नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे दोन शब्द टेबलासमोरच्या भिंतीवर लावावेत.

कवी म्हणजे ज्याला काम येते. आपल्या क्षेत्रात मनगटातली ताकद नव्हे, कौशल्य लागते. रात्री दोन तास दुआ आणि दिवसभर रील्स, हा तवक्कुल नाही. तिर्मिजीमधील ती हदीस सर्वांना ठाऊक आहे: एकाने विचारले की उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेल्या दुसऱ्या हदीसमध्ये पक्ष्यांचे उदाहरण आहे. तुम्ही अल्लाहवर खरा तवक्कुल केला तर पक्ष्यांना मिळते तशी तुम्हालाही रोजी मिळेल. ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. आपण या हदीसमधले भरलेले पोट लक्षात ठेवतो. पण तो पक्षी सकाळी घरट्यातून निघालेला असतो, हे विसरतो. मी अब्बांना फोनवर म्हणालो होतो, आता सगळे दुआवरच आहे. ते आपल्या दख्खनीत म्हणाले, "दुआ तो मांग बेटा, पन सुई में धागा तेरेकुच डालना पडेगा." त्यानंतर मी रोज सकाळी नऊ ते एक क्लाऊडचा अभ्यास सुरू केला आणि वर्षानुवर्षे टाळलेले सिस्टिम डिझाइन पहिल्यापासून शिकलो.

अमीन होणे अधिक कठीण गेले. पाचव्या महिन्यात एका कन्सल्टन्सीवाल्याने सल्ला दिला की जुन्या नोकरीची शेवटची तारीख पुढे ओढा, गॅप दिसणार नाही. पैसे दिले तर अनुभवाचे पत्रही मिळेल. "सगळेच करतात." मी त्या रात्री रेझ्युमेची फाइल उघडली आणि तारीख खरोखर बदलली. फाइल सेव्ह केली. फजरला सजद्यात गेलो आणि मागायला तोंड उघडेना. एकीकडे रज्जाककडे रोजी मागायची आणि दुसरीकडे त्याने देण्याआधीच खोटे बोलून ती हिसकावून घ्यायची, या दोन गोष्टी एका छातीत मावत नव्हत्या. मी तारीख पुन्हा होती तशी केली आणि गॅपसमोर लिहिले: कर्मचारीकपात, त्यानंतर स्वयंअध्ययन. या गॅपमुळे किमान दोन ठिकाणी मला पुढे बोलावले गेले नाही, हेही खरे आहे. खरेपणाची किंमत कधी कधी आधी मोजावी लागते.

त्या दिवशी मला तवक्कुलचा अर्थ थोडासा कळला. मेहनत संपली की उरलेली जागा भरण्यासाठी तवक्कुल नसतो. रोजी देणारा कोणी एचआर मॅनेजर नाही, अल्लाह आहे, ही खात्रीच माणसाला भीतीपोटी खोटे बोलण्यापासून वाचवते. तवक्कुलमुळे नोकरी लवकर मिळेलच असे नाही. तोवर आपण कोण राहतो, हे मात्र त्यावरच ठरते.

आता इस्तिखाराविषयी, कारण त्याबद्दलही बरेच विचारले जाते. सहीह बुखारीत हजरत जाबिर (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) सहाबांना इस्तिखारा कुरआनची सूरह शिकवावी तसा शिकवत असत. दोन रकात नफल आणि त्यानंतर दुआ. तिचा आशय असा की हे काम माझ्या दीनसाठी, रोजीसाठी आणि अंतिम परिणामासाठी चांगले असेल तर सोपे कर. नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर कर, आणि भलाई जिथे असेल तिथे ती देऊन मला त्यावर राजी कर. या हदीसमध्ये स्वप्नाची, हिरव्या-लाल रंगाची अट नाही. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्यानेच दुआ करायची आहे. सूरह आलि इमरानच्या आयत १५९ मधला क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी मशवरा, मग पक्का इरादा आणि मग तवक्कुल. म्हणून आधी जाणकारांना विचारा, आकडे मांडा, कंपनीचा व्यवसाय हलाल आहे का ते पाहा. इस्तिखारा करा आणि पाऊल उचला.

सातव्या महिन्यात मला दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळाले. पगार आधीपेक्षा ३० टक्के कमी. मुलाखतीत गॅपबद्दल विचारले, मी होते ते सांगितले. मी हे "दुआ कबूल झाल्याचा पुरावा" म्हणून लिहीत नाही. त्याच दिवशी काढले गेलेले माझे एक सहकारी माझ्यापेक्षा अधिक नमाजी आणि अधिक हुशार होते. त्यांना आणखी आठ महिने लागले. घाई करून "मागितले, पण मिळाले नाही" असे म्हणत दुआ सोडून देऊ नका, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. कोणाला किती दिवस लागले, यावरून त्याचा ईमान मोजण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक कटू गोष्ट बोलल्याशिवाय हे संपादकीय अपुरे राहील. तुमच्यापैकी काहींना शंका येते की रेझ्युमेवरचे नाव वाचूनच तो बाजूला ठेवला गेला. ही शंका निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले होते. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीत संधीच्या समानतेची हमी देते. खाजगी क्षेत्राची लढाई अजून बाकी आहे. तवक्कुल म्हणजे हा अन्याय नशीब म्हणून गिळणे नव्हे. त्याची नोंद ठेवणे, त्यावर सनदशीर मार्गाने बोलणे आणि समान संधीच्या कायद्याची मागणी करणे, हेसुद्धा उंट बांधणेच आहे. मात्र प्रत्येक नकाराचे कारण तेच आहे, असे मानून अभ्यास थांबवू नका.

दोरी एकट्याने बांधायची नसते. मक्केहून सर्व काही सोडून आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि मदीनेचे हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्यात भाईचारा जोडला गेला, तेव्हा साद (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. एकाने देण्यात हात आखडला नाही, दुसऱ्याने फुकट घेतले नाही. आपल्या मोहल्ल्यांना आज दोन्ही स्वभाव हवे आहेत. जे नोकरीत आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार काढावा: असरनंतर मशिदीच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये चार मुलामुलींचे रेझ्युमे तपासावेत, सरावाची मुलाखत घ्यावी, आपल्या कंपनीत जागा असेल तर लायक उमेदवाराचे नाव पुढे करावे. मुलींसाठी वेळ आणि जागा मुद्दाम राखावी. मदयनच्या त्या दोघीही घरच्या गरजेपोटी कामावर निघालेल्या होत्या आणि गर्दीने त्यांना मागे ठेवले होते.

तर, "कोणती दुआ पढू?" मूसा (अलै.) यांची ती दुआ पढा, सूरह अल-कससची आयत २४. कितीदा पढायची हा आकडा मी सांगणार नाही. अर्थ समजून, स्वतःच्या भाषेतही मागा. आणि सावलीत बसण्याआधी आज कोणाच्या जनावरांना पाणी पाजायचे राहिले आहे, तेवढे पाहून घ्या.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल आणि बरकतीची रोजी देवो, कवी आणि अमीन बनवो. आमीन.