रक्तातली दारू आणि घड्याळ

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवणारा मुलगा अल्पवयीन होता. पुढे त्याचा रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खरेखोटे न्यायालय ठरवेल; पण सरकारी रुग्णालयात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याची मान त्या बातमीने खाली गेली. रक्त अपघातानंतर कित्येक तासांनी घेतले, अशीही तेव्हा टीका झाली. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. नमुना बदलला तर पुरावा जातो, तसाच तो उशिरा घेतला तरी जातो.

प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते दीड तासात रक्तातील मद्याची पातळी सर्वांत वर जाते. पुढचे काम यकृताचे. शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम, हा त्याचा सरासरी वेग. माणसागणिक तो थोडा कमीजास्त असतो. पण कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी तो वाढत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. समजा, अपघाताच्या वेळी चालकाच्या रक्तात १२०, म्हणजे मर्यादेच्या चौपट मद्य होते. आठ तासांनी रक्त घेतले तर अहवाल जवळजवळ कोरा येईल. म्हणून श्वासचाचणी जागेवरच आणि रक्त शक्य तितक्या लवकर घ्यायला हवे. डॉक्टरांनीही त्वचा स्पिरिटने पुसू नये, रक्त फ्लोराइडच्या बाटलीत भरावे, वेळ नोंदवावी आणि बाटली मोहोरबंद करावी.

हेच गणित उलटेही लागू पडते. रात्री एकला पातळी १५० असेल, तर सकाळी सातला ती ६० च्या आसपास असते. झोप झालेली, चहा घेतलेला, तरीही मर्यादेच्या दुप्पट! असा माणूस स्वतःला शुद्धीवर समजून मुलांना शाळेत सोडायला निघतो.

‘मला चढलेली नाही’ या वाक्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका. दारू आधी निर्णयशक्तीच बधिर करते. आपल्याला किती चढली, हे ठरवायचे तिनेच. शिवाय समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे उशिरा सावरतात आणि पाय ब्रेकवर उशिरा जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. अर्धा सेकंद उशीर झाला, तरी आठ मीटर गेलेच. रस्ता ओलांडणाऱ्यासाठी तेवढे अंतर म्हणजे जीव वाचणे किंवा जाणे.

प्यायची असेल तर किल्ली घरी ठेवून निघा. दुसऱ्या दिवशी सकाळीही गाडीला हात लावण्याआधी रात्रीचा हिशेब करा. दारू उतरवण्याचे औषध आमच्याकडे नाही. त्याला वेळच द्यावा लागतो.